स्टँडवर घ्यायला कोण येणारे?

मे 2020, लॉकडाऊन. रात्रीचे साडेदहा वाजले असतील, मी ओटा पुसत होते आणि फोन वाजला. "मॅडम, बस ने सबको यहां उतार दिया, आगे कोई गाडी नहीं है. आपने बोला था ना उधर दूसरी बस खडी मिलेगी." मागे एक मूल रडत होतं आणि त्याच्याही मागे खूप माणसांचा एकत्र आवाज, जत्रेत लांबून येतो ना तसा. फोन करणारा पुण्यात खराडीच्या एका साईटवर सेंट्रिंगचं काम करणारा मुलगा, त्याच्याबरोबर धरून 22 जण, सगळे मध्य प्रदेशातले, कोणी रीवाचे कोणी सतनाचे. सकाळी मीच त्यांना राज्याच्या सीमेपर्यंतच्या फ्री बसमध्ये बसवून दिलं होतं. आणि पलीकडे त्यांच्या सरकारची बस उभी असेल हेही मीच सांगितलं होतं. मला कोणी सांगितलं होतं तसं? कोणीच नाही. सगळे म्हणत होते, म्हणून मीही म्हणाले, आणि म्हणताना असं म्हणाले की जशी मी स्वतः त्या बसचा नंबर बघून आलेय.

त्या रात्री दीड वाजेपर्यंत फोन करत होते. हेल्पलाईन लागत नव्हत्या, लागल्या तर दुसरा नंबर देत होते. शेवटी ओळखीच्यांच्या ओळखीतून सीमेजवळच्या गावातला एक किराणा दुकानदार सापडला, त्या भल्या माणसाने बायका-मुलांना दुकानाच्या ओट्यावर झोपू दिलं, पिंपातलं पाणी दिलं, मुलांना बिस्किटं दिली आणि पैसे पाठवते म्हटलं तर फोनच ठेवून दिला. सकाळी पलीकडून गाड्या यायला लागल्या, ह्यांचा नंबर दुपारी लागला. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, पहुंच गए.

माझी आई अजूनही घरातलं कोणी एसटीने निघालं की एकच विचारते, "स्टँडवर घ्यायला कोण येणारे?" तिकीट काढलं का, जागा मिळाली का, हे नंतर. आधी हे. आणि मी 22 माणसांना बसमध्ये बसवताना हे विचारलं नाही, ना त्यांना, ना स्वतःला, ना बस सोडणाऱ्या साहेबांना.

हे सगळं मी एवढी वर्षं कोणाला नीट सांगितलं नव्हतं. बोलायची वेळ आली ती भाच्यामुळे. तो शिकागोला असतो, नोकरी करतो. 2023 च्या पावसाळ्यानंतर कधीतरी त्याचा फोन आला की मावशी, आमच्या घराजवळच्या पोलीस स्टेशनमध्ये माणसं झोपलेली आहेत, अटक वगैरे केलेली नाही, तिथे राहायलाच आणून ठेवलेत, लहान मुलं आहेत, आम्ही काही जण रोज रात्री जेवण घेऊन जातो, पण सगळा गोंधळ आहे, कोण कधी येतंय कळत नाही, तू लॉकडाऊनमध्ये याद्या करायचीस ना, त्या कशा करायचीस सांग. मला आधी वाटलं काहीतरी वाढवून सांगतोय. पोलीस स्टेशनच्या लॉबीत फरशीवर गाद्या टाकून कुटुंबं राहतात आणि तीही अमेरिकेत? पण खरंच तसं होतं, शहरातल्या शेल्टरमध्ये जागा संपली होती म्हणून पोलीस स्टेशन आणि ओहेअर विमानतळ ह्या दोन्ही ठिकाणी लोक महिनोन्महिने राहत होते. बहुतेक व्हेनेझुएलाचे. आणि त्यातले खूपसे टेक्सास राज्याच्या सरकारने सोडलेल्या बसमधून आलेले.

तेव्हापासून मी हा विषय वाचतेय. पुण्यात बसून टेक्सासच्या बसचं काय पडलंय असं घरात विचारून झालंय. मला पडलंय, कारण ती बस मी ओळखते.

तर आधी थोडक्यात. टेक्सास आणि मेक्सिकोच्या मधे रिओ ग्रांदे नदी आहे. ईगल पास, डेल रिओ अशी तिथली गावं, म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावाएवढी, डेल रिओची वस्ती 35 हजारच्या आसपास, ईगल पासची त्याहून कमी. तेव्हा लोक नदी ओलांडून यायचे आणि पळून जायचे नाहीत, उलट बॉर्डर पेट्रोलच्या, म्हणजे सीमेवरच्या पोलिसांच्या, समोर जाऊन उभे राहायचे, कारण त्यांना आश्रय मागायचा असायचा. बोटांचे ठसे, फोटो, चौकशी, काही जणांना परत पाठवायचे आणि बाकीच्यांना कोर्टाच्या तारखेचा कागद देऊन सोडायचे. तारीख कधीची, तर बऱ्याचदा काही वर्षांनंतरची. हा माणूस आता त्या गावात कायदेशीरपणे मोकळा आहे, खिशात पैसे नाहीत, आणि काम करायची परवानगी नाही, कारण आश्रयाचा अर्ज केल्यावर 150 दिवस थांबून वर्क परमिटचा अर्ज करायचा असा तेव्हाचा तिथला कायदा. चर्चवाले, सेवाभावी संस्था त्यांना अंघोळ, जेवण, एक रात्र द्यायचे आणि मग ज्याचा जिथे नातेवाईक तिथलं तिकीट काढून द्यायचे नाहीतर काढायला मदत करायचे. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

आता ह्या गावांचं म्हणणं मला पटतं, ते आधीच सांगते. सप्टेंबर 2021 मध्ये डेल रिओच्या पुलाखाली एका वेळी 15 हजारच्या आसपास माणसं होती, बहुतेक हैतीची. 35 हजारांच्या गावात 15 हजार! कुठलं हॉस्पिटल पुरणार, कुठली नगरपालिका पुरणार. डिसेंबर 2023 मध्ये तर एका महिन्यात दक्षिण सीमेवर अडीच लाखांच्या आसपास लोक आल्याची नोंद झाली. वॉशिंग्टनमध्ये बसून धोरण ठरवणाऱ्यांना हे दिसत नाही असं सीमेवरच्या माणसाला वाटलं तर त्याचं काय चुकलं? आपल्याकडे 2020 मध्ये हायवेवरच्या गावांनी सुरुवातीला चपात्या भाजी करून रस्त्यावर उभं राहून वाटली, आणि नंतर त्याच गावांमध्ये लोक घाबरून काठ्या टाकून रस्ते अडवायला लागले. दोन्ही मी बघितलंय, आणि दोन्ही एकच माणसं होती.

मग एप्रिल 2022 मध्ये टेक्सासचे गव्हर्नर, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्रीच, ग्रेग ॲबट यांनी जाहीर केलं की आम्ही ह्या लोकांना बसने थेट वॉशिंग्टनला पाठवणार. पहिली बस 13 एप्रिलला संसदेच्या इमारतीजवळ जाऊन थांबली. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क, महिनाअखेरीस शिकागो, मग फिलाडेल्फिया, पुढच्या वर्षी डेन्व्हर आणि लॉस एंजेलिस. सगळी ॲबट यांच्या विरोधी पक्षाच्या महापौरांची शहरं. एकूण आकडा 1 लाख 19 हजारांच्या वर गेला, त्यातले 45 हजारांहून जास्त एकट्या न्यूयॉर्कला आणि 36 हजारांहून जास्त शिकागोला. बसमध्ये बसण्याआधी संमतीच्या कागदावर सही घ्यायचे, म्हणजे कागदोपत्री कोणाला जबरदस्तीने पाठवलं नाही. आणि हेही खरं की खूप जणांना ती बस हवीच होती, फुकटात दोन हजार मैल जायला मिळत असेल तर कोण नाही म्हणेल, ज्याचा भाऊ न्यूयॉर्कला आहे त्याच्यासाठी तर ती लॉटरीच.

म्हणजे बस वाईट नव्हती. मला हे ठासून सांगायचंय, कारण भाच्याच्या मित्रांमध्ये सरसकट म्हणतात की बस सोडणं हीच क्रूरता. नाही. सीमेवरच्या छोट्या गावात अडकलेल्या माणसाला मोठ्या शहरात न्यायला सरकारने बस द्यावी ह्यात चूक काहीच नाही, किंबहुना द्यायलाच हवी.

चूक कुठे आहे ते बघायचं तर त्याच टेक्सासमधलं एल पासो बघा. ते शहरही सीमेवरच, तिथेही तीच गर्दी, आणि ऑगस्ट 2022 पासून त्या शहराच्या नगरपालिकेनेही बस सोडल्या, त्याही न्यूयॉर्क आणि शिकागोलाच. दोनेक महिन्यांत 14 हजारच्या आसपास माणसं त्यांनी पाठवली. राज्य तेच, वर्ष तेच, रस्ता तोच, बसही तशाच भाड्याच्या. पण एल पासोवाले आधी विचारायचे की तुम्हाला जायचंय कुठे, आणि पोचणाऱ्या शहराला आधी कळवायचे की अमुक बस निघाली, इतकी माणसं आहेत. पैसे केंद्राच्या आपत्ती निधीतून मिळतील ह्या हिशोबाने. न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर एरिक ॲडम्स त्यांच्यावरही चिडले होते, कारण माणसं शेवटी माणसं, त्यांना खाट लागतेच. ऑक्टोबरमध्ये एल पासोने ते बंदही केलं. पण न्यूयॉर्कच्या पोर्ट अथॉरिटी बस टर्मिनलवर उभ्या असलेल्या स्वयंसेवकाच्या दृष्टीने ह्या दोन बसमध्ये जमीन अस्मानाचा फरक होता, एक बस येणारे हे माहीत असायचं आणि दुसरी आल्यावर कळायचं. ॲरिझोनाच्या बसही पहिल्या प्रकारच्या, त्यात तर प्रथमोपचार करणारा माणूसही बरोबर असायचा.

टेक्सास राज्याच्या बस मात्र न सांगता जायच्या. कधी पहाटे, कधी मध्यरात्री. भाचा सांगायचा की आम्ही दहा वाजता जेवण वाटून घरी जायचो आणि साडेबाराला ग्रुपवर मेसेज, बस आलीये, 40 जण, कोणाच्याच अंगात स्वेटर नाही. न सांगणं हा विसरभोळेपणा नव्हता, तोच तर धोरणाचा गाभा होता. तुम्हाला त्रास झाला पाहिजे, तुमची फजिती टीव्हीवर दिसली पाहिजे, तरच तुम्हाला आमचा त्रास कळेल. आणि हे सरकार सरकारांचं भांडण, पण त्यात निरोप म्हणून पाठवलं कोणाला, तर कित्येक देश तुडवून आलेल्या माणसाला.

2022 ची नाताळची आदली रात्र. वॉशिंग्टनमध्ये त्या आठवड्यात कडाक्याची थंडी, पारा शून्याच्या बराच खाली. उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांच्या सरकारी निवासस्थानाबाहेर टेक्सासहून आलेल्या बसमधून शंभराहून जास्त माणसं उतरवली, काही जण टी-शर्टवर. स्वयंसेवकांनी धावपळ करून ब्लँकेटं आणली आणि त्यांना एका चर्चमध्ये नेलं. मी तो फोटो बघितला तेव्हा मला दुकानाचा ओटा आठवला. माझी 22 माणसं निदान उन्हाळ्यात उतरली होती.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जे झालं ते त्याहून वाईट. फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस. आता फ्लोरिडाला मेक्सिकोची सीमाच नाही. तरी त्यांच्या सरकारच्या पैशाने टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओहून दोन विमानं उडाली, 49 माणसं, बहुतेक व्हेनेझुएलाची, आणि उतरवली कुठे तर मार्थाज विनयार्ड नावाच्या बेटावर, जिथे श्रीमंतांचे उन्हाळी बंगले आहेत. कोणाला कळवलेलं नाही. निघताना लोकांना माहितीपत्रकं दिली होती, नोकरी, घर, मदत मिळेल अशी, पण त्यात लिहिलेल्या सवलती ह्या लोकांसाठी नव्हत्याच, त्या निर्वासित म्हणून आधीच मान्यता मिळालेल्यांसाठीच्या होत्या. बेटावरच्या लोकांनी चर्चमध्ये दोन रात्री त्यांची सोय केली, शाळेतली स्पॅनिश शिकणारी मुलं दुभाषी म्हणून आली, आणि मग त्यांना केप कॉडच्या लष्करी तळावर हलवलं. सॅन अँटोनिओच्या भागातल्या शेरीफने, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाने, नंतर लेखी दिलं की ह्या लोकांची फसवणूक झालेली आहे, ते गुन्ह्याचे बळी आहेत, आणि त्या दाखल्यावर त्यांना वेगळ्या व्हिसासाठी अर्ज करता आला. म्हणजे फसवून नेलं म्हणून राहण्याचा एक मार्ग मिळाला, काय म्हणायचं ह्याला.

केप कॉड हे नाव वाचल्यावर भाच्यानेच मला पुढचं सांगितलं, आणि मग मी ते शोधून शोधून वाचलं. 1961 मध्ये अमेरिकेत गोऱ्या-काळ्यांना बसमध्ये वेगळं बसवायच्या पद्धतीविरुद्ध तरुण मुलंमुली मुद्दाम एकत्र बसून दक्षिणेत गेली, फ्रीडम रायडर्स. त्याचा सूड म्हणून 1962 मध्ये दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या सिटिझन्स कौन्सिल नावाच्या संघटनांनी गरीब काळ्या कुटुंबांना उत्तरेची एकेरी तिकिटं काढून दिली. तिकडे नोकरी आहे, घर आहे, सांगून. त्यातली बरीच माणसं पाठवली हायॅनिसला, ते केप कॉडवरचंच गाव, का तर तिथे राष्ट्राध्यक्ष केनेडींचं उन्हाळी घर. आर्कान्साच्या लिटल रॉकहून एक बाई नऊ मुलांना घेऊन तिथे उतरली होती. तिला सांगितलं होतं म्हणे की राष्ट्राध्यक्ष भेटतील. सगळे मिळून दोनशेच्या आसपास लोक गेले आणि मग ते बंद पडलं. साठ वर्षांनी त्याच किनाऱ्यावर तशीच माणसं, तसंच पत्रक. नऊ मुलं घेऊन ती बाई बसच्या पायरीवरून उतरली असेल तेव्हा तिने पहिल्यांदा इकडे तिकडे बघितलं असेल ना, कोण आलंय घ्यायला ते.

शहरांनी पुढे नियम केले. ॲडम्स यांनी डिसेंबर 2023 मध्ये आदेश काढला की बस कंपन्यांनी निदान 32 तास आधी कळवायचं आणि आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी साडेआठ ते दुपारी बाराच्या मधेच माणसं उतरवायची. काय जास्त मागितलं होतं? आपल्याकडे लग्नाच्या वऱ्हाडाची बससुद्धा इतक्या आधी कळवते. पण झालं काय तर बस न्यूयॉर्कच्या आधीच न्यू जर्सीमध्ये रेल्वे स्टेशनवर लोकांना उतरवायला लागल्या, पुढे लोकल पकडा आणि जा. शिकागोने दंड लावला तर बस आसपासच्या उपनगरांत थांबायला लागल्या. नियम करणाऱ्यांनी आपली हद्द बघितली आणि बसवाल्यांनी त्या हद्दीच्या एक पाऊल अलीकडे ब्रेक मारला. मला ह्यात शहरांचाही राग येतो, थोडासा, कारण हद्दीबाहेर उतरलेल्या माणसाची थंडी काही कमी होत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये टेक्सासहून शिकागोला येणाऱ्या एका बसमध्ये तीन वर्षांची मुलगी आजारी पडली आणि इलिनॉय राज्यात वाटेतच गेली. ह्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

फ्रान्सचंही थोडं वाचलं. कॅले बंदराजवळ इंग्लंडला जाऊ पाहणाऱ्यांची मोठी वस्ती होती, ऑक्टोबर 2016 मध्ये सरकारने ती मोडली आणि हजारो लोकांना बसने देशभरातल्या केंद्रांवर पाठवलं. वस्ती मोडली हे दुःखाचंच. पण बसमध्ये चढण्याआधी प्रत्येकाला दोन प्रांतांपैकी एक निवडायला सांगायचे, हाताला त्या रंगाची पट्टी बांधायचे आणि पुढच्या केंद्रावर खाट मोजून ठेवलेली असायची. दोनमधून एक म्हणजे फार मोठं स्वातंत्र्य नाही, मान्य. तरी कुठे जातोय हे बसणाऱ्याला माहीत होतं.

आता आपलं. दुसऱ्यांच्या सरकारांना बोलताना आपलं विसरायचं नाही असं मी ठरवलंय.

आपल्याकडे ह्यासाठी कायदा 1979 मध्येच झाला होता, आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा, आणि 2020 मध्ये तो लागू होता. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की दुसऱ्या राज्यातून कामगार आणणाऱ्या ठेकेदाराने त्याला यायचं आणि परत जायचं भाडं द्यायचं, शिवाय स्थलांतराचा भत्ता वेगळा. हा कायदा मला मे 2020 पर्यंत माहीत नव्हता, आणि साईटवरच्या एकाही मुकादमाला माहीत नव्हता. मी त्या महिन्यात शेकडो माणसांशी बोलले असेन, खराडी, वाघोली, हडपसर, भाडं ठेकेदाराने दिलं असं एकही जण म्हणाला नाही. उलट शेवटच्या पंधरवड्याची मजुरी अडकलीये असं सगळेच म्हणायचे.

1 मे 2020 ला श्रमिक स्पेशल सुरू झाल्या. तेव्हाची पद्धत अशी की फॉर्म भरायचा, आधार, गाव, जिल्हा, फोन, डॉक्टरचा दाखला की सर्दी ताप नाही, मग यादी प्रशासनाकडे, मग ज्या राज्यात जायचं त्या राज्याची परवानगी. ही परवानगीची अट लोकांना जाचक वाटायची आणि होतीच, काही राज्यं दिवसेंदिवस होकार देत नव्हती, आणि इकडे पत्र्याच्या खोलीत माणसं उपाशी. 19 मे ला ती अट काढली. गाड्या वाढल्या. तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण आता विचार करते तर वाटतं की ती अट काढताना तिच्यातलं चांगलंही गेलं. परवानगी नको होती, कळवणं हवं होतं. होकार द्यायचा अधिकार काढून घ्या, पण किती माणसं, कुठल्या गाडीने, किती वाजता, हे तर सांगा. ह्या दोन गोष्टी एकच आहेत असं समजून सगळीकडे घोळ होतो, टेक्सासमध्येही आणि इथेही.

21 मे ला वसईहून गोरखपूरला निघालेली गाडी ओडिशात राउरकेलाला पोचली होती, आठवतंय? रेल्वेने सांगितलं की मार्गावर गर्दी होती म्हणून मुद्दाम वळवली. असेल, गाड्या खरंच खूप होत्या. पण डब्यातल्या माणसांना कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी खिडकीतून बाहेर बघायचं आणि स्टेशनची पाटी वेगळ्याच लिपीत.

आणि औरंगाबादजवळचं करमाड. 8 मे ची पहाट. जालन्याहून भुसावळला गाडी मिळेल म्हणून रुळांवरून चालत निघालेले मध्य प्रदेशचे मजूर, थकून रुळांवरच झोपले, मालगाडीखाली 16 जण गेले. गाडी आहे एवढंच त्यांना कळलं होतं. कुठली, कधी, आपलं नाव यादीत आहे का, हे सांगायला त्यांच्यापर्यंत कोणीच पोचलं नव्हतं.

सुप्रीम कोर्टाने 28 मे ला सांगितलं की मजुरांकडून भाडं घेऊ नका, गाडीची वाट बघेपर्यंत त्यांना जेवण द्या, नोंदणी करा. त्यात एक गोष्ट होती जी मला तेव्हा बारीक वाटली आणि आता सगळ्यात मोठी वाटते, की गाडी किंवा बस कधी मिळणार ही माहिती त्यांना द्या. कोर्टाला हे सांगावं लागलं.

त्या वर्षी 60 लाखांहून जास्त माणसं श्रमिक गाड्यांनी गेली आणि हे काम छोटं नाही, रेल्वेचे, एसटीचे ड्रायव्हर कंडक्टर जिवावर उदार होऊन गेले, त्यांना मी आजही हात जोडते. पण आपण मोजलं काय? किती सोडल्या. टेक्सासच्या गव्हर्नरच्या ऑफिसने काय मोजलं? किती पाठवले, शहरवार. दर आठवड्याला. किती पोचले, पोचून कुठे राहिले, कोणाच्या कोर्टाच्या कागदावर कुठला पत्ता पडला, हे त्या यादीत कधी आलं नाही. मार्थाज विनयार्डच्या लोकांच्या वकिलांनी तर तेव्हा सांगितलं होतं की त्यांना हजेरी लावायची होती देशाच्या दुसऱ्या टोकाच्या शहरात, आणि काही दिवसांत. हजेरी चुकली तर आश्रयाचा अर्जच धोक्यात.

मी भाच्याला शेवटी काय सांगितलं, तर माझ्या 2020 च्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. शंभर पानी वही, पट्टीने रकाने आखलेले. नाव, बरोबर किती, लहान मुलं किती, औषध चालू आहे का, जायचं कुठे. आणि त्या 22 जणांच्या रात्रीनंतर मी पुढच्या प्रत्येक पानावर एक रकाना वाढवला होता, "तिकडे कोण". त्यात त्यांच्या घरच्या कोणाचा तरी नाहीतर गावच्या सरपंचाचा फोन लिहायचा आणि बस निघाली की तो लावायचा. बाकी काही नाही. फोन लागला की त्या माणसाला बसचा नंबर सांगायचा, कधीकधी पलीकडचा माणूस रडायचाच, कधीकधी विचारायचा की पैसे किती पडतील, कधी म्हणायचा की आम्ही ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर येतो.

त्यांनी तो फोटो स्पॅनिश येणाऱ्या मुलीला दाखवला, तिने रकान्यांची नावं स्पॅनिशमध्ये लिहिली, झेरॉक्स काढल्या आणि पोलीस स्टेशनमध्ये रोज रात्री भरायला लागले. त्याच आठवड्यात एक कुटुंब आलं, नवरा बायको आणि दोन मुली, नोव्हेंबरची थंडी, पायात स्लिपर. "तिकडे कोण" ह्या रकान्यात बाईने एक फोन नंबर दिला, म्हणाली माझी बहीण आहे, तिच्याकडेच जायचंय. भाच्याने विचारलं बहीण कुठे राहते.

ती म्हणाली, ह्यूस्टनला.

म्हणजे टेक्सासमध्येच. बस तयार होती, फुकट होती, सगळे चढत होते म्हणून तेही चढले, आणि सही घेणाऱ्याने शहराचं नाव लिहिलेलं होतं, विचारलेलं नव्हतं. ह्या पोरांनी वर्गणी काढून चार परतीची तिकिटं काढली. बहिणीला फोन लावला, बसचा नंबर सांगितला, आणि विचारलं की स्टँडवर घ्यायला कोण येणारे.